जुन्या सायकलच्या फ्रेमला कमी खर्चात नवा रंग: पावडर कोटिंग की हातचा रंग?

बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पट्ट्यात अजून कितीतरी घरांत अठ्ठावीस इंची चाकांची जुनी सायकल माळ्यावर नाहीतर गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. हर्क्युलिस, रॅले, फिलिप्स, बीएसए, हंबर, ॲटलस. ती इंग्लंडहून आलेली असो, मद्रासच्या टीआय सायकल्सची असो की आसनसोलच्या सेन-रॅलेची, बांधणी सारखीच: पोलादी नळ्या लगमध्ये (सांध्यावरच्या पोलादी म्यानांत) बसवून पितळेनं जोडलेल्या. असली फ्रेम गंजून आरपार गेली नसेल तर तिच्यावर नवा रंग चढतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

खर्चाचं गणित आधी समजून घ्या. फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) मिळून रंगवायचा पृष्ठभाग जेमतेम साडेतीन चौरस फूट भरतो. त्यावर बसणारा रंग, मग तो कुठलाही असो, स्वस्तच असतो. पैसे जातात ते सायकल खोलणं, जुना रंग काढणं आणि गंज घालवणं या मजुरीत. ही कामं घरी केलीत तर बाहेर द्यायला फक्त शेवटचा हात उरतो. रंग पुढं सोलतो तोही याच कामांत कसूर राहिली म्हणून. त्यामुळे या लेखात बरीच जागा तयारीला दिली आहे.

रंगवायची का, हे आधी ठरवा

मूळ काळा रंग भट्टीत भाजलेला असायचा. तो कडक असतो आणि त्याची बरोबरी ब्रशच्या इनॅमलला होत नाही. निम्म्याहून जास्त फ्रेमवर तो रंग, सोनेरी रेषा आणि कंपनीची अक्षरं शाबूत असतील तर सायकल रंगवू नका. साबणाच्या कोमट पाण्यानं मऊ फडक्यानं पुसा, वाळवा, उघड्या पडलेल्या ठिकाणी गंज घासून बारीक ब्रशनं काळं इनॅमल भरा आणि वरून मेणाचं पॉलिश द्या. अक्षरांवर थिनर, पेट्रोल, रॉकेल यांचं फडकं फिरवायचं नाही. जुनी ट्रान्सफर अक्षरं त्यानं क्षणात विरघळतात आणि मग ती परत आणता येत नाहीत.

रंगवायचं ठरलंच, तर काही खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. रेषा कुठून सुरू होऊन कुठं संपतात, त्यांची जाडी किती, मागच्या मडगार्डच्या शेपटावरचा पांढरा पट्टा किती उंच आहे, हे पट्टी धरून टिपा. अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्या. फ्रेमचा नंबर सीटखालच्या लगवर किंवा बीबीच्या (पेडलचा आस बसतो त्या) नळकांड्याखाली ठोकलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की नंबर उमटतो. पावडर कोटिंगचा (कोरडी पावडर विजेच्या भारानं चिकटवून भट्टीत भाजलेला) जाड थर हा नंबर बुजवून टाकतो, म्हणून ही नोंद सांभाळून ठेवा.

खोलताना

सगळ्यात जास्त नुकसान कॉटर (पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, आसावर पक्का धरणारी पाचर) काढताना होतं. घट्ट बसलेल्या कॉटरवर आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी नट पूर्ण काढू नका. तो कॉटरच्या टोकाशी बरोबर सपाट येईल इतकाच मागं घ्या, म्हणजे घाव आट्यांवर बसणार नाही. क्रँकच्या खाली जाड लोखंडी पाइपचा तुकडा उभा धरा, कॉटरचं डोकं त्या पोकळीत जाईल असा, आणि वरून जड हातोड्याचा एकच दणका द्या. हलके हलके ठोके मारत बसलं की टोक पसरतं आणि मग ड्रिल लावण्याशिवाय इलाज राहत नाही. कॉटर नवीन घेतलेले बरे. जुना मात्र नमुना म्हणून दुकानात घेऊन जा, कारण जाडी वेगवेगळी असते.

बीबीचा चेनच्या बाजूचा कप, म्हणजे गोळ्या धरणारी वाटी, उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो. डावं पेडलही तसंच. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणांनी पाना तोडला आहे, नाहीतर कपाचे कोपरे गोल केले आहेत. आतल्या पाव इंची गोळ्या एका बाजूला अकरा असतात. मोजून डबीत ठेवा.

पुढचा पितळी बिल्ला बाहेरून पेचकस घालून उचकटू नका, पत्रा वाकतो. हॅंडलच्या नळीतले कप काढून घेतले की आत बिल्ल्याच्या पिनांची टोकं दिसतात. तारेच्या वाकवलेल्या जाड तुकड्यानं ती आतून बाहेर ढकलायची.

फ्रेम सरळ आहे का?

रंग दिल्यावर वेल्डिंग करायची वेळ आली तर सगळंच वाया जातं, म्हणून तपासणी आधी. मागचं चाक बसतं त्या एका बाजूच्या खाचेला सुतळी बांधा, ती पुढं नेऊन हॅंडलच्या नळीवरून वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळ्यांचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर मागचा भाग एका अंगाला वाकलेला आहे, तो जाणत्या मिस्त्रीकडून सरळ करून घ्या.

मग तडे बघा: हॅंडलच्या नळीखालच्या लगची कड, बीबीच्या मागं चेनच्या नळ्यांची मुळं, आणि चिमट्याचं डोकं. केसासारखी गंजाची रेषा दिसली तर तिथला रंग खरवडून पाहा. रेषा धातूतही असेल तर तो तडा. दुरुस्ती गॅसवर पितळ भरून करायची. साध्या आर्क वेल्डिंगनं पातळ नळी जळते. या नळ्यांची भिंत एक-दीड मिलिमीटरचीच असते.

पोचा आला असेल तर पुढं पावडर कोटिंग करायचं की हातचा रंग, हे याच टप्प्यावर ठरवावं लागतं. त्याचं कारण खाली येईल.

जुना रंग काढताना शिशाची काळजी

भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) इतकी खाली आणणारे नियम २०१६ मध्ये आले. त्याआधीच्या, विशेषतः पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रंगात आणि शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असणार असंच धरून चाला. म्हणजे काय करायचं? कोरडं घासायचं नाही. ग्राइंडरला तारेचं चाक लावून अंगणात धूळ उडवायची नाही. मुलं, कोंबड्या, विहीर, वाळत घातलेली ज्वारी यांच्यापासून लांब, खाली जुनं प्लास्टिक अंथरून काम करा. निघालेला लगदा त्याच प्लास्टिकात गुंडाळून टाका, गटारात किंवा शेणखड्ड्यात नको.

सगळ्यात सोपा मार्ग पेंट रिमूव्हर. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्या हवेत, जाड थर लावा. वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर तो वाळत नाही आणि खोलवर काम करतो. दहा-पंधरा मिनिटांत रंग फुगून सुटतो. बोथट पात्यानं ओढून काढा, उरलेल्यावर दुसरा हात. अर्धा लिटर रिमूव्हर एका फ्रेमला पुरतो. लगच्या नक्षीत आणि चेनच्या दोन नळ्यांच्या बेचक्यात अडकलेला रंग जुन्या टूथब्रशनं आणि सुतळीनं काढायचा: सुतळी बेचक्यात घालून दोन्ही टोकं धरून मागंपुढं ओढली की पातं पोचत नाही तिथंही ती पोचते. शेवटी साबणाच्या पाण्यानं पूर्ण धुवा. रिमूव्हरचा मेणचट अंश लगच्या कडेला राहिला तर नवा रंग नेमका तिथंच फुगतो.

गंजाला आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग १८०. नळीवर पेपर पट्टीसारखा कापून आडवा ओढायचा, म्हणजे नळी गोल राहते. खड्ड्यांतला काळा गंज पेपरानं निघत नाही. तिथं फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर ब्रशनं लावून डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवून धुवा. नट-बोल्ट, ब्रेकचे छोटे भाग यांना लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरतं. रात्रभर बुडवून, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवून, लगेच पुसून उन्हात. क्रोम असलेले भाग यात जास्त वेळ ठेवू नका.

उघडा धातू आपल्याकडच्या हवेत फार वेळ कोरा राहत नाही. ओलं घासून ठेवलेली फ्रेम जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला श्रावणात दोन तासांत पिवळी पडते. म्हणून शेवटचं घासणं झालं, थिनरच्या स्वच्छ फडक्यानं पुसून झालं की त्याच दिवशी प्रायमर, आणि त्यानंतर उघड्या हाताचा स्पर्श नाही. बोटांचा घाम आणि तेलही रंगाखाली डाग धरतात.

पावडर कोटिंगला द्यायची असेल तर

बेळगावात उद्यमबाग आणि मच्छे औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगचं काम होतं. खानापूरकरांना हे दोन्ही वाटेवरच. निपाणी-चिकोडीच्या लोकांना कागल किंवा कोल्हापूरच्या एमआयडीसीचा पल्ला जवळ पडतो. कुठंही गेलात तरी या कारखान्यांचं रोजचं काम गेट, ग्रिल, कपाटं, यंत्रांची झाकणं असं असतं. सायकलची फ्रेम त्यांना नवखी, म्हणून काय हवं ते सुटं सुटं सांगावं लागतं.

दर सांगताना ते बहुधा चौरस फूट नाहीतर नग धरतात. फ्रेम टांगायला जागा खूप अडवते, त्यामुळे लांबी-रुंदीचा चौकोन धरून दर सांगितला तर प्रत्यक्ष नळ्यांचा पृष्ठभाग साडेतीन चौरस फुटांचा आहे हे दाखवून बोला. पैसे खरे वाचतात ते चालू रंग घेतल्यानं. तुमच्यासाठी वेगळी शेड लावायची म्हणजे गन, बूथ, होज सगळं झाडून साफ करावं लागतं, आणि तो खर्च तुमच्याच माथी येतो. काळा चकचकीत, म्हणजे रंगांच्या रॅल (RAL) यादीतला ९००५, जवळपास रोज चालू असतो. तुमची फ्रेम त्या खेपेत घाला म्हणून सांगितलं तर दर बराच खाली येतो. जुन्या हिरव्या सायकलीच्या जवळ जाणारी शेड रॅल ६००५, मरूनच्या जवळ ३००५. त्या रंगाची मोठी ऑर्डर कधी लागणार हे विचारून थांबायची तयारी असेल तर तेही स्वस्तात होतं.

पावडर कुठली हे आवर्जून विचारा. कपाटांना लावतात ती इपॉक्सी-पॉलिस्टर मिसळीची पावडर उन्हात वर्षा-दोन वर्षांत पांढुरकी पडते. सायकलला 'प्युअर पॉलिस्टर', बाहेर वापरायची. थराची जाडी ६० ते ८० मायक्रॉन. जाड म्हणजे चांगला असं नव्हे: १२० च्या पुढं गेला की लगची नक्षी बुजते, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो आणि धक्का बसला की कपचा निघतो.

भट्टीचं तापमान १८० ते २०० अंश सेल्सिअस, धातू तापल्यावर दहा ते पंधरा मिनिटं. पितळेचे जोड साधारण ९०० अंशांच्या आसपास वितळतात, तेव्हा त्यांना काही होत नाही. पण पोच्यात भरलेली लांबी (पुट्टी) या उष्णतेत फुगते, तडकते. शिशाचा डाग (सोल्डर) देऊन बुजवलेला खड्डा तर वाहूनच जातो. पोचा लपवायचा असेल तर गॅसवर पितळ भरून कानशीनं सपाट करून घ्या, नाहीतर पोच्यासकट कोटिंग करा. लांबी भरायचीच असेल तर हातच्या रंगाकडं वळा. दुसरा पर्याय नाही.

आता साफसफाई. या कारखान्यांत धातू 'सेव्हन टँक' पद्धतीनं धुतात: ग्रीस काढणं, गंज काढायचं ॲसिड, फॉस्फेट आणि मधे मधे पाणी. पत्र्याला हे उत्तम. सायकलच्या फ्रेमला मात्र लगच्या आत, चेनच्या नळ्यांच्या टोकांना हवेची बारीक भोकं असतात. त्यातून ॲसिड आत जातं आणि बाहेर येत नाही. मग भट्टीत ते उकळून लगच्या फटीतून झिरपतं, कोटिंगवर तपकिरी ओघळ उमटतो, आणि उरलेलं ॲसिड आतून नळी खात राहतं. म्हणून सांगायचं: ॲसिडच्या टाकीत घालू नका, बारीक ग्रिटनं ब्लास्टिंग करा (हवेच्या दाबानं कठीण कण मारून साफ करा) आणि थेट पावडर मारा. तुम्ही रंग घरीच काढून नेला असेल तर ब्लास्टिंगला पाचेक मिनिटं लागतात. त्याचीही मजुरी कमी करून मागा.

ब्लास्टिंगबद्दल एक सावधगिरी. उद्यमबागेत फाउंड्र्या पुष्कळ, आणि ओतकाम साफ करायचं शॉट ब्लास्टिंगचं यंत्र स्वस्तात मिळून जातं. त्यात फ्रेम घालू नका. त्यातले लोखंडी छर्रे बिडाच्या जाड ओतकामासाठी असतात. एक मिलिमीटरच्या नळीला ते बारीक खळगे पाडतात आणि लगची कड बोथट करतात. हाताच्या नळीनं, बारीक ग्रिटनं, कमी दाबावर करणारा माणूस शोधा. क्रोमचा चिमटा असेल तर क्रोमवर रबरी जुनी ट्यूब गुंडाळून बांधा.

झाकायचे भाग स्वतः झाकून न्या, कारखान्यावर सोडू नका. बीबीच्या आट्यांत टाकाऊ जुने कप हातानं फिरवून बसवा. बदलायचेच असलेले कप यासाठी सोन्यासारखे. मडगार्ड आणि कॅरिअरच्या भोकांत कोरडे जुने स्क्रू घाला. त्यांना ग्रीस लावू नका, भट्टीत धूर होऊन आजूबाजूचा थर खराब होतो. चिमट्याच्या आट्या, कप बसायच्या जागा, सीटच्या नळीचा आतला भाग आणि चाकाच्या खाचांच्या दोन्ही बाजू यांना उष्णता सहन करणारी हिरवी टेप. खाचेवर पावडर राहिली तर चाकाचा नट आवळताना ती चेपते, काही दिवसांत नट ढिला होतो आणि चाक सरकतं. टांगायचा हूक बीबीच्या नळकांड्यातून घालायला सांगा, म्हणजे हुकाची उघडी खूण कपाच्या आड जाते.

पावडर विजेच्या भारानं चिकटते, आणि आतल्या कोपऱ्यांत तो भार नीट पोचत नाही. त्यामुळे बीबीच्या मागची बेचकी, सीटच्या लगखालचा कोपरा आणि चिमट्याच्या डोक्याखालचा आतला भाग इथं थर पातळ राहतो. या तीन जागा आधी मारायला सांगा. फ्रेम घ्यायला गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरी मारून त्याच बघा. धातूची करडी झाक दिसली तर तिथंच परत मारून घ्या. घरी आणल्यावर पावडरच्या अशा पातळ जागेतून गंज आत शिरतो, थर न फुटता खालून पसरतो आणि एक दिवस सालीसारखा पापुद्रा निघून येतो. हा पावडरचा खरा तोटा आहे: खराब झाली तर ती जागेवर दुरुस्त होत नाही.

हातचा रंग: ब्रश, डबी की गन

सगळ्यात स्वस्त पर्याय सिंथेटिक इनॅमल आणि ब्रश. नीट केलं तर वाईट दिसत नाही. २०० मिली रेड ऑक्साइड झिंक क्रोमेट प्रायमर आणि २०० मिली इनॅमल फ्रेम-चिमट्याला पुरतं. मडगार्ड आणि चेनकव्हर धरायचं तर ५०० मिली घ्या. त्याशिवाय अर्धा लिटर टर्पेंटाइन, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे वॉटर पेपर दोन-दोन, आणि एक इंची चांगला ब्रश. ब्रशवर मात्र पैसे वाचवू नका. स्वस्त ब्रशचे केस गळून रंगात चिकटतात आणि पूर्ण नळी पुन्हा घासावी लागते.

प्रायमरचा एक पातळ हात, रात्रभर वाळवून ३२० नं हलकं घासायचं. पोच्यात लांबी भरायची ती प्रायमरवर, पातळ पातळ दोन-तीन थरांत. एकदम जाड भरली की आत ओली राहते आणि नंतर बसते. लांबी सपाट झाली की तिच्यावर पुन्हा प्रायमर. मग इनॅमल पाच ते दहा टक्के टर्पेंटाइन घालून, नळीच्या लांबीच्या दिशेनं. आधी लग आणि कोपरे, मग नळ्या. ओघळ नेहमी नळीच्या खालच्या बाजूला जमतात, म्हणून रंग लावून झाल्यावर पाच मिनिटांनी खालून एकदा कोरडा ब्रश फिरवा. दोन हातांमधे चोवीस तास आणि ६०० चा ओला पेपर. तीन हात पुरेत.

इनॅमलमध्ये टर्पेंटाइनच घाला, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर नको. दुकानदार 'लवकर वाळतं' म्हणून थिनर देतो. तो खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. त्याच कारणानं हातानं लावलेल्या इनॅमलवर स्प्रेच्या डबीचा क्लिअर मारायचा नाही. इनॅमलची चकाकी त्याची स्वतःचीच असते, वर काही लागत नाही.

स्प्रेची ४०० मिलीची डबी साधारण तीनशे रुपयांच्या आसपास पडते आणि एका हाताला एक ते दीड चौरस मीटर धरते. निम्मा रंग नळ्यांच्या मधून हवेत जातो. प्रायमर एक, रंग दोन, क्लिअर एक असा हिशेब धरला तर चार डब्या, म्हणजे ब्रशच्या कितीतरी पट. पृष्ठभाग गुळगुळीत येतो हे खरं, पण हा थर पातळ आणि नाजूक असतो, पेट्रोलचा थेंब पडला की मऊ होतो. मिरवायच्या सायकलीला ठीक, रोज बाजाराला जाणाऱ्या सायकलीला नाही.

दणकट हवा असेल तर टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग. तो गाड्यांच्या पेंटरकडून मारून घ्या, घरी नको. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटची बारीक फवार साध्या कापडी मास्कमधून फुप्फुसात जाते आणि दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. इथंही खर्च वाचवायची युक्ती तीच: पेंटर एखाद्या गाडीचा दरवाजा काळा किंवा मरून करत असेल तेव्हा उरलेल्या मिसळीत तुमची फ्रेम होऊन जाते. फ्रेम तुम्ही इपॉक्सी प्रायमर मारून, ४०० नं घासून तयार नेली तर त्याचं काम अर्ध्या तासाचं. खाली साधं रेड ऑक्साइड आणि वर पीयू असं करू नका, पीयूचा थिनर खालचा प्रायमर उचलतो.

दिवस कुठला निवडायचा

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हातचा रंग टाळा. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर गेला की एनसी रंगावर पांढरट धुकं चढतं आणि इनॅमल दिवसेंदिवस चिकट राहतं. खंडेनवमीला सायकल पूजेला उभी करायची म्हणून भाद्रपदात घाई होते, ती अंगाशी येते. ताजं इनॅमल आत पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतं. तोवर त्यावर ओलं हळदकुंकू लावलं तर पिवळा-तांबडा डाग कायमचा बसतो, आणि हार घट्ट बांधला तर दोऱ्याची खूण उठते. खंडेनवमी गाठायचीच असेल तर पावडर कोटिंग करा, ते भट्टीतून निघून गार झालं की कडकच असतं.

थंडीत बेळगावात सकाळी दव पडतं. धातू हवेपेक्षा गार असतो तोवर त्यावर न दिसणारी ओल असते, म्हणून दहा-अकरानंतर सुरू करा आणि तीनच्या आत संपवा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो आणि त्याआधी धुळीचं वारं. त्या दिवसांत सकाळचं काम. धूळ बसू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडा आणि फ्रेम आडोशाला टांगा, पण बंद खोलीत नको.

रेषा आणि अक्षरं

काळ्या फ्रेमवरच्या सोनेरी रेषांनीच ही सायकल ओळखू येते, आणि इथं थोडे पैसे खर्च करायला हरकत नाही. दुकानांच्या पाट्या हातानं रंगवणारे पेंटर आता कमी राहिलेत, पण आहेत. त्यांच्याकडं लांब केसांचा लायनर ब्रश आणि स्थिर हात दोन्ही असतं. तासाभरात ते पूर्ण फ्रेमवर दीड मिलिमीटरची रेषा ओढून देतात. स्वतः करायचं असेल तर बारीक लायनिंग टेप दोन्ही बाजूंना लावून मधे सोनेरी इनॅमल भरा आणि रंग अर्धवट ओला असतानाच टेप फ्रेमलगत मागं वळवून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कड फाटते. पावडरवर रेषा मारण्याआधी तेवढी जागा १००० नंबरच्या पेपरानं पुसटशी मारून घ्या, नाहीतर सोनेरी रंग नखानं निघतो.

अक्षरांसाठी ट्रेसिंग पेपरवरचा ठसा रेडियमच्या दुकानात द्या. पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो सोबत असेल तर माप बरोबर येतं. इनॅमलवर हे स्टिकर महिनाभर लावू नका. खालून निघणारी टर्पेंटाइनची वाफ अडकते आणि बुडबुडे येतात.

आतून तेल, मग जोडणी

बाहेरून कितीही चांगला रंग असला तरी जुन्या फ्रेमा आतून कुजतात. सीटच्या नळीतून पाणी उतरतं आणि बीबीत साचतं. म्हणून जोडण्याआधी रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड अळशीचं तेल आणा. खायचं कच्चं तेल वाळायला फार वेळ लावतं. नळ्यांच्या भोकांतून शंभरेक मिली आत घाला, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं बीबीतून निथळू द्या आणि दोन-तीन दिवस टांगून ठेवा. बाहेर ओघळलेलं तेल लगेच पुसा. हे तेल पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटतं. ते पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

बीबीच्या आट्यांत रंग गेला असेल तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवण्याआधी जुन्याच कपाच्या आट्यांना कानशीनं एक आडवी खाच पाडा आणि तो कप हातानं आत-बाहेर फिरवा. खाचेची धार आट्यांतला रंग खरवडून बाहेर आणते, टॅपची मजुरी वाचते. हॅंडलचे कप ठोकताना लाकडी ठोकळा मधे ठेवा आणि बसायच्या कडेवरचा रंग आधी पूर्ण काढा. रंगावर बसलेला कप काही दिवसांत ढिला होतो आणि हॅंडल खडखडतं.

डायनामो असेल तर रंगानंतर दिवा लागत नाही अशी तक्रार हमखास येते. जुन्या डायनामोला एकच वायर असते. परतीचा मार्ग फ्रेममधून जातो. नव्या थरानं तो तुटलेला असतो. डायनामोच्या पट्टीतला टोकदार स्क्रू रंग भेदून धातूला टेकेपर्यंत आवळा, दिव्याच्या पट्टीखालीही तेवढाच ठिपका उघडा करा. फ्रेमला ओरखडा नको असेल तर डायनामोच्या अंगापासून दिव्याच्या अंगापर्यंत दुसरी वायर ओढा.

उरलेलं इनॅमल मोठ्या डब्यात अर्धवट ठेवलं की साय धरतं. छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून उलटी ठेवा. स्टँड लावताना आणि कॅरिअर आवळताना पहिल्याच आठवड्यात दोन-चार टवके उडतातच, तेव्हा तोच रंग हाताशी लागतो.